संशयास्पद गोळीबार आणि कामाच्या ठिकाणची चोरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कामाच्या ठिकाणी गोळी सुटते, एक माणूस मरतो आणि त्याच आठवड्यात तिजोरीतली रोकड किंवा गोदामातला माल कमी भरतो. अशा वेळी सहकारी, नातेवाईक आणि मालक यांच्या मनात उठणारे प्रश्न बहुधा सारखेच असतात. त्यांची उत्तरे मात्र अर्धवट ऐकीव माहितीवर दिली जातात. येथील उत्तरे कोणत्याही एका देशाच्या कायद्यापुरती नाहीत. तपासाचे शास्त्र काय सांगू शकते आणि कोठे थांबते, एवढाच त्यांचा विषय आहे.

गोळीबार आणि चोरी एकाच सुमारास उघडकीस आली, म्हणजे त्यांचा संबंध असणारच ना?

असू शकतो, पण 'एकाच सुमारास घडली' आणि 'एकाच सुमारास उघडकीस आली' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मृत्यूनंतर कपाटे उघडली जातात, किल्ल्या दुसऱ्याच्या हाती जातात, वह्या नव्या डोळ्यांसमोर येतात, आणि त्यामुळे वर्षानुवर्षे दडलेली तूट त्याच दिवशी झाल्यासारखी भासते. म्हणून अनुभवी तपास अधिकारी सुरुवातीला दोन स्वतंत्र प्रश्न मांडतात : हा माणूस कसा मेला, आणि पैसे केव्हा, कोणत्या वाटेने गेले. दोन्हींची उत्तरे आपापल्या पुराव्यावर उभी राहिल्यानंतरच तिसरा प्रश्न, म्हणजे त्यांना जोडणारा दुवा कोणता, हा विचारता येतो. हा क्रम उलटला की चोरी हा मृत्यूचा हेतू ठरतो, मृत्यू हा चोरीचा कबुलीजबाब ठरतो, आणि एकाही गोष्टीचा पुरावा नसताना दोन्ही एकमेकींना आधार देत राहतात.

मृत्यू 'संशयास्पद' आहे म्हणजे नेमके काय?

घातपात, अपघात आणि आत्महत्या यांपैकी कोणताही पर्याय अद्याप वगळता आलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. हा शब्द कोणावरही आरोप करत नाही. बातम्यांमध्ये तो 'खून' या शब्दाचा सभ्य पर्याय म्हणून वापरला जातो, तसे नव्हे.

जखमेवरून किती कळते?

बरेच कळते, परंतु जखम अंतर आणि दिशा सांगते, हेतू सांगत नाही. बंदुकीच्या नळीतून गोळीबरोबर तप्त वायू, काजळी आणि न जळलेले किंवा अर्धवट जळलेले दारूचे कण बाहेर पडतात. नळीचे तोंड त्वचेला टेकलेले असेल तर काजळी जखमेच्या आत आणि कडेवर सापडते, त्वचेवर नळीच्या तोंडाचा ठसा उमटू शकतो, आणि त्वचेखाली लगेच हाड असेल तर वायूच्या दाबाने जखम ताऱ्यासारखी फाटते. थोड्या अंतरावरून झाडलेल्या गोळीभोवती काजळीचा थर दिसतो. पिस्तुलाच्या बाबतीत तो साधारण १५ सेंटिमीटरच्या पलीकडे विरत जातो. दारूचे कण त्याहून दूर पोहोचतात आणि त्वचेत रुतून बारीक तांबूस ठिपके उमटवतात. हे ठिपके अर्ध्या ते पाऊण मीटरपर्यंत, कधी त्याहून थोडे पुढेही, दिसू शकतात. त्यापलीकडे केवळ गोळीने पाडलेले छिद्र आणि त्याभोवतीची खरचटल्याची कडा उरते, आणि मग गोळी दोन मीटरवरून आली की वीस मीटरवरून, हे जखमेवरून सांगता येत नाही.

येथे एक गोष्ट वारंवार दुर्लक्षिली जाते. काजळी पाण्याने धुऊन जाते, रुतलेले ठिपके जात नाहीत. आणि अंगावर कपडे असतील तर काजळी व कण कपड्यांतच अडकून त्वचा स्वच्छ राहते. त्यामुळे रुग्णालयात जखम पुसली गेली असेल आणि रक्ताने भिजलेले कपडे कचऱ्यात गेले असतील, तर जवळून झाडलेली गोळी कागदावर दुरून झाडलेली ठरू शकते. कपडे सुकवून, कागदात गुंडाळून, प्रयोगशाळेत पाठवले गेले का, हा प्रश्न शवविच्छेदन अहवालाच्या शेवटच्या ओळीपेक्षा महत्त्वाचा आहे. अंतराचा नेमका अंदाज हवा असेल तर तेच शस्त्र आणि त्याच प्रकारची काडतुसे घेऊन निरनिराळ्या अंतरांवरून चाचणी करावी लागते. अहवालात 'जवळून' असा शब्द असेल आणि अशा चाचणीचा उल्लेख नसेल, तर तो शब्द सैलपणे वापरला आहे असे मानावे.

हातावर दारूचे कण सापडले, तर गोळी त्याच व्यक्तीने झाडली असे ठरते का?

नाही. प्रयोगशाळा मुख्यतः काडतुसाच्या बुडाशी असलेल्या स्फोटक टोपीतून आलेले शिसे, बेरियम आणि अँटिमनी यांचे एकजीव झालेले सूक्ष्म कण शोधते. ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतात. परंतु हे कण झाडणाऱ्याच्या हातावर जसे बसतात, तसेच जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हातावर, गोळी लागलेल्याच्या अंगावर आणि नंतर शस्त्र उचलणाऱ्याच्या बोटांवरही बसतात. शस्त्र बाळगणाऱ्या पोलिसाने हात धरला तरी ते पसरू शकतात. जिवंत माणसाच्या हातावरून ते काही तासांत झडतात आणि हात धुतले तर लगेच जातात. शिवाय काही नव्या काडतुसांत शिसे नसतेच. कण सापडल्याने ती व्यक्ती गोळीबाराच्या परिसरात होती किंवा अशा एखाद्या वस्तूच्या संपर्कात आली होती एवढे कळते, आणि न सापडल्याने तिने गोळी झाडलीच नाही असे सिद्ध होत नाही. मृताच्या हातांवर घटनास्थळीच कागदी पिशव्या बांधल्या गेल्या की नाही, हे पाहावे. प्लॅस्टिकमध्ये दमटपणा साठून नमुना बिघडतो.

शस्त्र मृताच्या हातात नव्हते. यावरून घातपात सिद्ध होतो ना?

होत नाही, आणि याच्या उलटही होत नाही. स्नायू सैल पडल्यावर शस्त्र बहुतेक वेळा हातातून सुटते, धक्क्याने दूर जाते किंवा मदतीला धावलेला माणूस ते बाजूला सारतो. हातात सैल ठेवलेले शस्त्र बनावाचा संशय वाढवते. मृत्यूच्या क्षणीच आवळलेली घट्ट मूठ मात्र दुर्मीळ असली तरी नंतर कृत्रिमरीत्या घडवता येत नाही. शस्त्र कोणाचे होते, ते इमारतीत कसे आले आणि नेहमी कोठे ठेवलेले असे, हे प्रश्न हाताच्या प्रश्नापेक्षा अधिक फलदायी असतात.

रिकामी पुंगळी भलत्याच कोपऱ्यात सापडली, याचा अर्थ काय?

बहुधा काहीच नाही. स्वयंभरण पिस्तूल रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि ती भिंतीवर, यंत्रावर, बुटावर आपटून कोठेही जाते. रिव्हॉल्व्हरमध्ये ती आतच राहते. पुंगळी अजिबात न सापडणे मात्र गंभीर आहे. शस्त्र स्वयंभरण पिस्तूल असेल आणि पुंगळी शस्त्रातही अडकलेली नसेल, तर ती कोणीतरी उचलली असण्याची शक्यता तपासावी लागते.

ही गोळी याच पिस्तुलातून सुटली, हे खात्रीने सांगता येते का?

नळीच्या आतील आट्यांमुळे, म्हणजे पीळदार खाचांमुळे, गोळीवर चरे उमटतात, आणि संशयित शस्त्रातून झाडलेली दुसरी गोळी तुलनात्मक सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या शेजारी ठेवून ते जुळवले जातात. ही पद्धत १९२० च्या दशकात अमेरिकेत कॅल्व्हिन गोडार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केली. ती उपयोगी आहे, पण 'जुळले' हा निष्कर्ष शेवटी तज्ज्ञाच्या नजरेवर अवलंबून असतो, आणि गेल्या दोन दशकांत अमेरिकेतील शास्त्रज्ञांच्या समित्यांनी या पद्धतीतील चुकीचे प्रमाण पुरेसे मोजले गेलेले नाही, असा आक्षेप घेतला आहे. गोळीतील शिशाच्या रासायनिक घटकांवरून ती कोणत्या खोक्यातील हे सांगण्याची एक पद्धत तर एफबीआयने २००५ मध्ये बंदच केली.

तज्ज्ञाच्या शब्दांकडे किती बारकाईने पाहावे लागते, याचे सर्वांत बोलके उदाहरण शंभर वर्षांपूर्वीचे आहे. १५ एप्रिल १९२० रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील साउथ ब्रेनट्री येथे एका बुटांच्या कारखान्याचा सुमारे १५,७७६ डॉलरचा पगार लुटला गेला आणि तो घेऊन जाणारे दोघे कर्मचारी गोळीबारात मारले गेले. निकोला सॅको आणि बार्तोलोमेओ व्हान्झेटी या इटालियन स्थलांतरितांवर खटला चालला. पोलीस कॅप्टन विल्यम प्रॉक्टर यांनी साक्षीत सांगितले की प्राणघातक गोळी सॅकोच्या पिस्तुलातून सुटण्याशी 'सुसंगत' आहे. खटल्यातील ज्युरीने याचा अर्थ 'त्याच पिस्तुलातून सुटली' असा घेतला असावा. १९२३ मध्ये प्रॉक्टर यांनी शपथपत्रात म्हटले की आपल्याला तसे म्हणायचे नव्हते. पुढे गोडार्ड यांनी १९२७ मध्ये आणि इतरांनी १९६१ व १९८३ मध्ये केलेल्या तपासण्यांत ती गोळी त्याच पिस्तुलाशी जुळली; परंतु यांपैकी शेवटच्या दोन तपासण्या झाल्या तोवर दोघांना देहदंड होऊन, २३ ऑगस्ट १९२७ नंतर, कित्येक दशके लोटली होती. आजही अहवालात 'सुसंगत', 'नाकारता येत नाही', 'शक्य आहे' असे शब्द दिसले, की 'आणखी किती शस्त्रांशी सुसंगत?' असे विचारायला हवे.

मृत्यूची वेळ इतकी मोघम का असते?

कारण शरीर घड्याळासारखे चालत नाही. ताठरता साधारण दोन ते चार तासांत सुरू होते आणि बारा तासांच्या सुमारास पूर्ण होते, पण उष्णता, कपडे, देहयष्टी आणि मृत्यूपूर्वीचे श्रम यांनुसार हे आकडे सरकतात. शरीराच्या खालच्या भागात साकळलेल्या रक्ताचे डाग साधारण आठ ते बारा तासांत पक्के होतात; ते चुकीच्या बाजूला असतील तर मृतदेह नंतर हलवला गेला, हे मात्र ठामपणे म्हणता येते. 'रात्री ११ वाजून २० मिनिटांनी मृत्यू' असे वाचले तर ती वेळ शरीरावरून नव्हे, दुसऱ्या कशावरून तरी आली आहे हे समजावे : दरवाज्याच्या नोंदीवरून, फोनवरून किंवा आवाज ऐकलेल्या माणसाकडून.

सीसीटीव्ही आणि दरवाज्याच्या नोंदींवर विश्वास ठेवावा का?

आधी त्यांची घड्याळे जुळवावीत. कॅमेऱ्याचे घड्याळ, हजेरी यंत्राचे घड्याळ आणि संगणकाचे घड्याळ यांत काही मिनिटांचा फरक सर्रास असतो, आणि त्या काही मिनिटांवर एखाद्याचे निरपराधित्व अवलंबून असू शकते. हजेरी यंत्रात कार्डाची नोंद होते, माणसाची होत नाही. जुने चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जाते, म्हणून ते जतन करण्याची लेखी मागणी पहिल्या दिवशीच व्हायला हवी. 'कॅमेरा नेमका तेव्हाच बंद होता' या वाक्याने लोक दचकतात. तो त्याआधी किती वेळा बंद होता, हे पाहिल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही.

जागा लवकर साफ करून काम सुरू केले गेले. यात दोष कोणाचा?

कधी कोणाचाच नाही, कधी गंभीर. घर कुलूपबंद करता येते. कामाच्या जागेवर दुसरी पाळी येऊन उभी राहते आणि रक्ताचे डाग पाहत काम करायला कोणी तयार नसते. त्यामुळे पंचनामा होऊन जागा ताब्यातून सोडल्याची लेखी नोंद आहे का, आणि साफसफाई तिच्या आधी झाली की नंतर, एवढे पाहावे.

हाच प्रश्न वस्तूंच्या ताब्यालाही लागू पडतो. सॅकोच्या प्रकरणात १९२४ मध्ये असे आढळले की न्यायालयाच्या ताब्यातील त्याच्या पिस्तुलाची नळी बदलली गेली होती. ती बचाव पक्षाच्या तज्ज्ञाच्या हाताळणीत बदलली गेल्याचे मानले गेले आणि मूळ नळी परत बसवण्यात आली. पण मग गोळीही बदलली गेली नसेल कशावरून, हा संशय कायमचा राहिला. प्रत्येक वस्तू कोणी, केव्हा, कोणाकडून घेतली आणि मोहोर शाबूत होती का, याची सलग नोंद नसेल, तर उत्तम प्रयोगशाळेचा अहवालही वादात सापडतो.

पैसे खरोखर चोरीला गेले, हे कसे ठरते?

हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा, आणि तो फारच कमी विचारला जातो. 'हिशेबात तूट आहे' याचे कारण चोरी असू शकते, चुकीची नोंद असू शकते, दुबार नोंद असू शकते किंवा यंत्रणेचा दोष असू शकतो. ब्रिटनमध्ये १९९९ ते २०१५ या काळात टपाल खात्याच्या होरायझन नावाच्या संगणक प्रणालीने दाखवलेल्या तुटीवरून ९०० हून अधिक टपाल कार्यालय चालकांना चोरी, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवण्यात आले. तूट प्रणालीतील दोषांमुळेही निर्माण होत होती, हे २०१९ च्या उच्च न्यायालयाच्या निकालात मान्य झाले आणि २०२४ मध्ये संसदेने कायदा करून शेकडो शिक्षा एकदम रद्द केल्या. तोपर्यंत कित्येक संसार उद्ध्वस्त झाले होते, काहींनी जीवनही संपवले होते. या चालकांपैकी अनेकांना वाटत होते की तूट फक्त आपल्याच कार्यालयात येते आहे.

म्हणून गैरव्यवहार तपासणारा लेखापरीक्षक आधी रोजमेळ, बँकेचे उतारे, पावतीपुस्तके आणि प्रत्यक्ष साठा स्वतंत्रपणे ताडून पाहतो. तूट नेमकी किती, कोणत्या तारखेपासूनची, एकरकमी की थेंबाथेंबाने, हे ठरल्यावरच 'कोणी' हा प्रश्न अर्थपूर्ण होतो. एका रात्रीतली चोरी आणि तीन वर्षांचा अपहार यांचे संशयित सहसा वेगळे असतात.

चोर आतला की बाहेरचा, हे कशावरून ओळखतात?

किल्ली, सांकेतिक क्रमांक, रोकड केव्हा जास्त असते याची माहिती आणि नेमकी जागा ठाऊक असणे, ही आतल्याची लक्षणे मानली जातात. पण आतली माहिती बाहेरच्यापर्यंत गप्पांतूनही पोहोचते. फोडलेले कुलूप आतूनही फोडता येते, हे लक्षात ठेवावे. अपहाराच्या बाबतीत अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड क्रेसी यांनी १९५० च्या दशकात तुरुंगातील अपहारकर्त्यांच्या मुलाखतींवरून तीन गोष्टी टिपल्या : कोणालाही सांगता न येणारी आर्थिक अडचण, संधी, आणि 'मी फक्त उसने घेतो आहे' अशी स्वतःची समजूत. या तीन गोष्टी कोठे शोधायचे हे सुचवतात. ज्याच्यावर कर्ज आहे तो चोर, असा निष्कर्ष त्यांतून काढणे हा त्यांचा दुरुपयोग आहे.

पैसे मृत व्यक्तीनेच घेतले, असे व्यवस्थापन म्हणते. ते कसे पडताळावे?

या साऱ्या विषयाची कळीची जागा हीच आहे, कारण मृत माणूस उलट उत्तर देत नाही आणि त्याच्या नावावर हिशेब मिटवणे सर्वांच्याच सोयीचे असते. विमा कंपनीला उत्तर मिळते, लेखापरीक्षकाचे शेरे सुटतात आणि खरा गुन्हेगार दुसरा असेल तर त्याच्या जुन्या तुटीही त्याच खात्यात ढकलता येतात.

मात्र ही गोष्ट तपासता येते. चालू अपहार रोज झाकावा लागतो : आजची वसुली कालच्या तुटीत भरायची, उद्याची आजच्या. असे करणारा माणूस सहसा रजा घेत नाही, आणि तो अचानक गेला की काही दिवसांत तूट आपोआप वर येते. म्हणजे मृत्यूनंतर तूट उघड होणे हे मृत व्यक्तीच्या अपहाराशी जुळते खरे. पण दुसऱ्या कोणी संधी साधून तूट दाखवली, याच्याशीही ते तितकेच जुळते. फरक तारखांत सापडतो. मृत व्यक्ती रजेवर, आजारी किंवा बाहेरगावी असलेल्या दिवशी त्या खोट्या नोंदी झाल्या आहेत का? मृत्यूनंतर तिच्या संकेतशब्दाने कोणी प्रणालीत शिरले आहे का? झाकाझाक मृत्यूनंतरही चालू राहिली आहे का? यांपैकी एकाचेही उत्तर 'होय' असेल तर निदान आणखी एक हात त्यात आहे. आणि पैसे गेले कोठे? मृताची बँक खाती, देणी, खरेदी यांत त्या रकमेचा मागमूस नसेल, तर 'त्याने रोख खर्च केले असतील' हा केवळ अंदाज राहतो. चौकशीच्या नोटिशीची तारीखही पाहावी. मृताला आपल्यावरील संशयाची कल्पनाच नव्हती, असे दिसले तर 'पकडले जाण्याच्या भीतीने जीव दिला' ही मांडणी टिकत नाही.

उलट बाजूही तितक्याच काटेकोरपणे पाहायला हवी. मृत व्यक्तीला चोरीचा सुगावा लागला होता का, तिने कोणाला सांगितले, कोणती कागदपत्रे मागवली, कोणाशी भेट ठरवली होती? याची लेखी खूण सापडली तर तिचे वजन मोठे. 'त्याला सगळे ठाऊक होते' असे नंतर चार जणांनी म्हणण्याचे वजन फार कमी.

सहकाऱ्यांनी आपल्याला ठाऊक असलेले सांगावे का? त्याचा उपयोग होतो का?

होतो. असोसिएशन ऑफ सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर्स या संस्थेच्या २०२४ च्या अहवालात अभ्यासलेल्या प्रकरणांपैकी ४३ टक्के अपहार कोणीतरी दिलेल्या माहितीमुळे उघड झाले, आणि ती माहिती देणाऱ्यांत निम्म्याहून अधिक कर्मचारीच होते. परंतु प्रत्यक्ष पाहिलेले, ऐकलेले आणि नंतर चर्चेतून समजलेले या तीन गोष्टी वेगळ्या ठेवून, इतरांशी बोलण्यापूर्वी, तारखेसह लिहून काढाव्यात. चहाच्या वेळी दहा जणांनी एकच कथा घोळवली की प्रत्येकाला ती स्वतः पाहिल्यासारखी आठवू लागते. स्वतः तपास करण्यासाठी मृताचे कपाट उघडणे, फोन चाळणे किंवा फायली घरी नेणे टाळावे.

कुटुंबाने काय मागावे?

शवविच्छेदन अहवालाची प्रत, छायाचित्रे आणि क्ष-किरण चित्रे जतन केल्याची खात्री, कपड्यांची व हातांवरील नमुन्यांची नोंद, शस्त्राचा अहवाल, घटनास्थळाची छायाचित्रे आणि वैयक्तिक वस्तूंची यादी. मृताचा फोन व संगणक परत मिळाला तर तो चालू न करता ठेवावा. दफन किंवा दहन यांतला फरक अशा वेळी केवळ रीतीचा राहत नाही; दहनानंतर दुसरी तपासणी अशक्य होते. हे दुःखाच्या पहिल्या दिवसांत सांगणे क्रूर वाटते, तरी कोणीतरी ते सांगायलाच हवे.

एकदा दिलेला निष्कर्ष बदलू शकतो का?

शकतो. इटलीतील बँको अँब्रोसियानो या डबघाईला आलेल्या बँकेचे अध्यक्ष रॉबर्टो काल्व्ही १८ जून १९८२ रोजी लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स पुलाखाली लटकलेल्या अवस्थेत मृत सापडले. त्यात गोळीबार नव्हता, पण गहाळ पैसा आणि संशयास्पद मृत्यू यांची जोडी तीच होती. पहिल्या चौकशीत आत्महत्या असा निर्णय झाला; १९८३ मधील दुसऱ्या चौकशीत मृत्यूचे स्वरूप अनिर्णित ठेवले गेले; पुढे मृतदेह पुन्हा उकरून काढला गेला आणि २००२ च्या न्यायवैद्यक अहवालाने खून असल्याचे म्हटले. २००७ मध्ये रोमच्या न्यायालयाने पाचही आरोपींना निर्दोष सोडले. म्हणजे मृत्यू कसा झाला याचे उत्तर वीस वर्षांत दोनदा बदलले, आणि तो कोणी घडवला हे न्यायालयात सिद्ध झालेच नाही. 'अनिर्णित' हा निष्कर्ष कुटुंबाला अपमानासारखा वाटतो. घाईने दिलेल्या चुकीच्या नावापेक्षा तो अधिक प्रामाणिक असतो, आणि पुढे प्रकरण उघडण्याची वाटही तोच मोकळी ठेवतो.

पैसे कधीच सापडले नाहीत, तर प्रकरण सुटले असे म्हणता येईल का?

गुन्हा सिद्ध होण्यासाठी रक्कम हाती लागणे आवश्यक नसते. पण ती न लागणे हे नेहमी नोंदवले जायला हवे, वगळले जाता कामा नये. साउथ ब्रेनट्रीच्या लुटीतील पैशांचा सॅको किंवा व्हान्झेटी यांच्यापर्यंत माग कधीच लागला नाही. देहदंडानंतर पन्नास वर्षांनी, १९७७ मध्ये, त्या राज्याच्या गव्हर्नरांनी खटला न्याय्य रीतीने चालला नव्हता असे जाहीर केले, आणि त्या घोषणेतही दोघे दोषी होते की निर्दोष याविषयी काहीच म्हटलेले नव्हते.